साहेबाच्या पुस्तकातला एक परिच्छेद : साम्राज्याला उलट बोलणाऱ्या कादंबऱ्या

घाटावरचा (रविवार, रात्री १०:४०)

नायजेरियाच्या चिनुआ अचेबेची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ काल संपवली. १९५८ सालची कादंबरी. कपाटात इतकी वर्षं पडून होती की पुठ्ठ्याला कसर लागली. तर असो.

शेवट सांगणार आहे, ज्यांना वाचायची आहे त्यांनी पुढच्या परिच्छेदावरून उडी मारा.

उमुओफिया गावचा ओकोंक्वो. नावाजलेला मल्ल, कष्टाळू, तापट, बायकापोरांवर हात टाकणारा. म्हणजे लेखकानं त्याला देव्हाऱ्यात बसवलेलं नाही. आधी मिशनरी येतात, मग कोर्ट येतं, मग कोर्टाचे शिपाई. ओकोंक्वो एका शिपायाला मारतो. गाव आता उठेल असं त्याला वाटतं, पण गाव उठत नाही. मग तो गळफास घेतो. गोरा डिस्ट्रिक्ट कमिशनर तिथं येतो आणि परतताना मनाशी म्हणतो, या माणसावर लिहायला हवं. अख्खं प्रकरण नको, पण एक बऱ्यापैकी परिच्छेद होईल. साहेबाच्या पुस्तकाचं नावसुद्धा ठरलेलं आहे. मराठीत सांगायचं तर ‘लोअर नायजरकाठच्या रानटी टोळ्यांचे शांतीकरण’.

आपण ज्या माणसाबरोबर आख्खी कादंबरी काढली, तो साहेबाकडे एका परिच्छेदात संपला. पुस्तक मिटून बराच वेळ तसाच बसलो होतो.

दोन प्रश्न. साम्राज्याला असं त्याच्याच टेबलावर जाऊन उत्तर देणाऱ्या आणखी कुठल्या कादंबऱ्या तुम्ही वाचल्यात? आणि मराठीत काय आहे? माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं. मराठी कादंबरीनं साम्राज्याकडे पाठ फिरवली. १८१७ ला शनिवारवाड्यावर युनियन जॅक चढला आणि पुढे आपली कादंबरी जी उलटी पळत सुटली ती थेट शिवकाळात जाऊन थांबली. सव्वाशे वर्षं साहेब उरावर बसला होता. तो कुठाय?

रिकामटेकडी (रविवार, रात्री ११:०२)

वाचनखूण साठवली. पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.

आडवातिडवा (रविवार, रात्री ११:१५)

पण रेल्वे, पोस्ट आणि कायद्याचं राज्य कोणी दिलं?

रिकामटेकडी (रविवार, रात्री ११:१७)

आले! तेरा मिनिटं लागली. पैज जिंकले, चहा कोण पाजतंय?

मुक्काम_उत्रेख्त (सोमवार, पहाटे २:३०)

पहिल्या प्रश्नाला हक्काचं उत्तर आहे, कारण इथे नेदरलँड्सच्या शाळांत ती कादंबरी पोरांना भेटतेच. ‘मॅक्स हाव्हेलार’, १८६०. लेखक एदुआर्द डाउवेस डेकर, टोपणनाव मुल्तातुली. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘मी फार सोसलंय’. (आपल्या सायटीवर हा आयडी कुणी कसा घेतला नाही?)

डेकर जावा बेटावर लेबाक इथे डच सरकारचा असिस्टंट रेसिडेंट होता. १८३० पासून तिथे सक्तीच्या लागवडीची पद्धत होती. गावानं जमिनीचा हिस्सा सरकारला हव्या त्या पिकाला द्यायचा, म्हणजे कॉफी, ऊस, नीळ. वर स्थानिक सरदार रयतेच्या म्हशी ओढून नेणार, फुकट राबवून घेणार आणि डच अधिकारी डोळे मिटून घेणार. डेकरनं १८५६ मध्ये तक्रार केली, वरिष्ठांनी त्यालाच गप्प बसवलं, त्यानं राजीनामा फेकला. १८५९ मध्ये ब्रुसेल्समध्ये फाटक्या अवस्थेत बसून ही कादंबरी लिहिली.

गंमत तिच्या रचनेत आहे. गोष्ट सांगायला घेतो तो अ‍ॅमस्टरडॅमचा एक कॉफीदलाल, द्रोखस्टोपल. नावाचा अर्थच ‘वाळका खुंट’. कवितांचा तिटकारा, चर्चला नियमित, आणि पहिल्याच ओळीत स्वतःचा पत्ता देतो : लाउरियरग्राख्त नंबर ३७. त्याच्याकडे कागदांचं एक गाठोडं येतं, त्यात कॉफीबद्दल काहीतरी असेल म्हणून तो ते पुस्तक करायला घेतो. त्या गाठोड्यातून जावा बाहेर येतो. सैजा नावाच्या पोराच्या बापाच्या म्हशी एकामागून एक काढून नेल्या जातात, आणि तिकडे दलालाला चिंता बाजारभावाची. शेवटी लेखक स्वतः पानावर येतो, आपल्याच पात्रांना हाकलून देतो आणि थेट राजा तिसऱ्या विलेमला विचारतो, की तुमच्या नावानं हे चाललंय ते तुम्हाला मान्य आहे का?

जुनी_वही (सोमवार, सकाळी ८:०५)

उत्रेख्तकर, सुरेख लिहिलंत. पण अर्धीच गोष्ट सांगितलीत.

छापण्याआधी डेकरनं मध्यस्थामार्फत सरकारला अटी कळवल्या होत्या. मला जाव्यावर रेसिडेंटची जागा द्या, वर एक मानाचं पदक द्या, मग पुस्तक मागे घेतो. सरकारनं दिलं नाही म्हणून पुस्तक आलं. आणि त्याला डचांचं राज्य जायला नकोच होतं. ते नीट चालायला हवं होतं. ‘चांगला साहेब’ हवा होता. ही बाब लहान नाही. साम्राज्यावर टीका करणाऱ्या गोऱ्या कादंबऱ्यांचं गाडं बहुतेक इथेच अडतं. सरकार वाईट वागतंय हे दिसतं. सरकार मुळात तिथे का आहे, हे विचारायची वेळ आली की घसा बसतो.

मुक्काम_उत्रेख्त (सोमवार, सकाळी ११:४०)

अटींचं खरं आहे, मान्य. पण पुस्तक लेखकाचं ऐकत नाही हो, वही. ज्या भल्या माणसाच्या हाती त्यानं हस्तलिखित दिलं, त्यानं गावांची नावं काढून तिथे टिंबं टाकली आणि किंमत चढी ठेवली, म्हणजे भलत्या हातात पडायला नको. तरी पडलं. इंडोनेशियाच्या प्रमुद्या अनंता तूरनं १९९९ मध्ये लिहिलं, की वसाहतवाद मारणारं पुस्तक ते हेच.

प्रमुद्याची गोष्ट तर वेगळीच. स्वतंत्र इंडोनेशियाच्या सरकारनं त्याला बुरू बेटावर डांबलं. तिथे सुरुवातीला कागद-पेन मिळत नव्हतं, म्हणून डच काळावरची कादंबरी त्यानं बराकीतल्या कैद्यांना रोज तोंडी सांगितली. ती १९८० मध्ये ‘बुमी मानुसिया’ म्हणून छापली गेली आणि पुढच्या वर्षी बंदी. बंदी डचांनी नाही, घरच्यांनीच घातली.

आडवातिडवा (सोमवार, दुपारी १२:१०)

म्हणजे मुद्दा मान्य की साहेब गेल्यावरही तुरुंग तसेच राहिले. 

खडीसाखर (सोमवार, दुपारी १२:४५)

आडवा, अधूनमधून बरोबर बोलतोस. सवय लावून घेऊ नकोस.

तुझ्यासाठी केनियाचं उदाहरण. न्गुगी वा थिओंगोनं १९७७ मध्ये गिकुयू भाषेत नाटक केलं आणि वर्ष संपायच्या आत तो तुरुंगात. इंग्रजीत टीका करत होता तोवर सरकारला फारसं टोचलं नव्हतं. शेतमजुरांना कळेल अशा भाषेत बोलला आणि आत गेला. आत त्यानं गिकुयूत कादंबरी लिहिली, संडासच्या कागदावर. तो कागद टणक आणि खरखरीत होता. कैद्यांना त्रास व्हावा म्हणून तसा ठेवलेला, पण लिहायला झकास, असं त्यानंच नंतर नोंदवलंय.

आणि १९८६ ची त्याची ‘मातिगारी’! सत्य आणि न्याय कुठे मिळेल असं विचारत देशभर हिंडणारा माणूस. लोक त्याच्याबद्दल इतकं बोलायला लागले की कुणी मातिगारी नावाचा इसम फिरतोय अशा खबरा वर गेल्या आणि त्याला पकडायचा हुकूम सुटला. शोधाशोध केल्यावर कळलं, इसम कादंबरीतला आहे. मग दुकानांतून कादंबरीच जप्त केली.

सोलापुरी_चादर (सोमवार, दुपारी १:०५)

हाहाहा. पंचनाम्यात काय लिहिलं असेल? ‘सदर इसम पान क्र. १ ते शेवटपर्यंत फरार.’

पेठकर (सोमवार, दुपारी ३:२०)

अचेबेचं नाव निघालंय तर कॉनरॅड हवाच. ‘हार्ट ऑफ डार्कनेस’, १८९९. मी कॉलेजात ती साम्राज्यविरोधी म्हणून शिकलो. बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाचा खासगी काँगो, हस्तिदंताची हाव, साखळीने बांधलेले मजूर, हे सगळं त्यात आहे. कॉनरॅड स्वतः १८९० मध्ये तिकडे बोटीवर गेला होता. आणि १९७५ मध्ये अमेरिकेतल्या एका व्याख्यानात अचेबेनं सरळ त्याला वंशद्वेष्टा ठरवला. मला अजूनही तो अन्याय वाटतो.

घाटावरचा (सोमवार, सायं. ६:००)

पेठकर, अन्याय कसा? अख्ख्या पुस्तकात आफ्रिकी माणसाच्या तोंडी वाक्यं किती? बोटाच्या पेरांवर मोजा, हात पुरून उरेल. आफ्रिका म्हणजे गोऱ्या माणसाचं डोकं फिरायला लावलेला पडदा, हा अचेबेचा आक्षेप आहे. तो मला पटतो.

पेठकर (सोमवार, सायं. ७:१५)

पण तुमचा कमिशनर आला कुठून ते पाहा. कॉनरॅडचा कुर्ट्‌झही एक अहवाल लिहितो. रानटी चालीरीती बंद पाडणाऱ्या संस्थेसाठी सतरा पानं, भाषा अशी की वाचणाऱ्याला भरून यावं. आणि शेवटच्या पानाखाली नंतर खरडलेली एक ओळ : या सगळ्या जनावरांना संपवून टाका. साम्राज्याचा मजकूर वर आणि मनातलं तळटीपेत. हे कॉनरॅडनं अचेबेच्या साठ वर्षं आधी दाखवलंय की नाही?

घाटावरचा (सोमवार, सायं. ७:३०)

हम्म. हे डोक्यात आलं नव्हतं. एक गुण तुम्हाला.

तिरफळ (सोमवार, रात्री ९:५०)

आमच्या गोंयाक विसरू नाकात. १८६६ मध्ये लिस्बनला एक पोर्तुगीज कादंबरी छापली गेली, ‘उश ब्राह्मनिश’, म्हणजे ‘ब्राह्मण’. लेखक फ्रान्सिश्कु लुईश गोमिश, साष्टीतल्या नावेलीचा, पेशानं डॉक्टर, गोव्यातून पोर्तुगालच्या संसदेवर निवडून गेलेला.

कथा फैजाबादची, १८५७ च्या आसपासची. मॅग्नोद नावाचा ब्राह्मण एका गोऱ्या बागाईतदाराच्या घरी नोकरीला, तिथला अपमान, मग सूड. नावातलं अनेकवचन मुद्दाम आहे. एक ब्राह्मण जातीनं, दुसरे कातडीनं. हिंदुस्थानातली सोवळंओवळं पाळणारी उतरंड आणि गोऱ्यांची उतरंड त्यानं शेजारीशेजारी बसवली आणि दोघांनाही झोडलं. १८६६ मध्ये, बरं का!

आमच्या घरी यावर एक जुना विनोद आहे : गोमिशबाबानं पोर्तुगिजांच्या संसदेत बसून शिव्या दिल्या त्या इंग्रजांना. शेजाऱ्याच्या कुत्र्याला दगड मारणं केव्हाही सोपं.

रिकामटेकडी (सोमवार, रात्री १०:१०)

तिरफळ, हे शेवटचं वाक्य भिंतीवर लावण्यासारखं आहे.

फॉर्स्टरचं कुणी काढलं नाही? ‘अ पॅसेज टु इंडिया’, १९२४. त्यातले प्रोफेसर गोडबोले तर आपलेच की! चहाला बोलावलेल्या साहेब-मडमांसमोर बरोब्बर निघायच्या वेळी गाणं म्हणतात. कृष्णाला ये ये म्हणून बोलावणारं, आणि तो येत नाही ते नाहीच. आमच्याकडे एक काका होते, अगदी असेच.

जुनी_वही (मंगळवार, सकाळी ७:४०)

ताई, तो धागा थेट देवासला जातो. फॉर्स्टर १९२१ मध्ये देवास थोरली पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचा खासगी सचिव होता. मराठी दरबार, राणी कोल्हापूरची, शाहू महाराजांची मुलगी. तिथली गोकुळाष्टमी त्यानं डोळ्यांनी पाहिली आणि कादंबरीच्या तिसऱ्या भागात घातली. त्यात मंडळी भजन म्हणतात ते तुकारामाच्या नावाचं, तू माझा बाप, तू माझी आई, तू सगळे. इंग्रजी कादंबरीत ‘तुकाराम तुकाराम’ वाचताना मी खुर्चीत सरळ होऊन बसलो होतो.

त्याच भागात माझी सगळ्यात आवडती चपराक आहे. संस्थानात बादशहा पंचम जॉर्जच्या नावाचं हायस्कूल काढलेलं असतं. गोडबोले तिथे शिक्षणमंत्री. साहेब पाहायला येतो तेव्हा शाळेचं धान्याचं कोठार झालेलं असतं. कुणी बंड केलं नाही, घोषणा दिल्या नाहीत. नुसतं धान्य भरून ठेवलं.

आडवातिडवा (मंगळवार, सकाळी ९:००)

त्यात बंड कसलं, त्याला आपल्याकडे अनुदानित संस्था म्हणतात.

खडीसाखर (मंगळवार, सकाळी ९:२०)

😂😂

आता प्रश्न दोन. घाटावरच्या, तुझं ‘पाठ फिरवली’ हे मत मला उथळ वाटतं. राजद्रोहाचं १२४अ कलम १८७० मध्ये आलं. गुंजीकरांची ‘मोचनगड’, मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी, १८७१ ची. शिवाजीच्या काळात जाणं म्हणजे पळ काढणं नव्हतं, ती आडवाट होती. वाचणाऱ्याला कळत होतं की मोगल कुणाला म्हणायचं. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त (नाटक आहे, माहितीय) कीचक म्हणजे कर्झन हे पिटातल्या माणसालाही कळलं, आणि सरकारलाही. म्हणून तर १९१० मध्ये बंदी आली. साहेब पानावर नव्हता कारण तो पानाच्या मागे उभा राहून वाचत होता.

जुनी_वही (मंगळवार, दुपारी १२:३०)

खडीसाखर, बरोबर, पण त्या आडवाटेवरही साहेबाच्या पाट्या होत्या. ह. ना. आपट्यांची पहिली ऐतिहासिक कादंबरी ‘म्हैसूरचा वाघ’. टिपूवरची. ती आली कुठून? मेडोज टेलरच्या इंग्रजी कादंबरीवरून. हा टेलर निजामाच्या नोकरीतला इंग्रज अधिकारी, शिवाय १८३९ च्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’चा लेखक. आपला इतिहास कादंबरीत कसा सांगायचा, याचा कित्ताही आपण त्यांच्याकडूनच गिरवला. पुढे आपट्यांनी ‘उषःकाल’मध्ये हात मोकळा केला, ती गोष्ट वेगळी.

सोलापुरी_चादर (मंगळवार, रात्री ८:१५)

मी आत्तापर्यंत नुसते विनोद केले. आता जरा लांब लिहितो.

‘कन्फेशन्स’ची मांडणी आठवा. पकडलेला अमीर अली साहेबासमोर बसून कबुलीजबाब देतो, साहेब तो उतरवून घेतो. इंग्लंडात पुस्तक धडाक्यात खपलं. जन्मानं गुन्हेगार असणारी माणसं असतात, ही गोष्ट तिकडच्या दिवाणखान्यांत पक्की व्हायला अशा पुस्तकांचा हातभार लागला असं माझं मत. १८७१ मध्ये तर गुन्हेगार जमातींचा कायदाच आला. अमुक जातीत जन्मलास म्हणजे हजेरी लाव, परवानगीशिवाय गाव सोडू नकोस.

माझं लहानपण सोलापुरात सेटलमेंटच्या, म्हणजे या जमातींना डांबायच्या सरकारी वसाहतीच्या, जवळ गेलं. पत्त्यात आजही ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ लिहितात. फ्री म्हणजे काय, हे मला फार उशिरा कळलं. कुंपणाच्या बाहेरची ती फ्री. आत तारेचं कुंपण, हजेरीचा भोंगा आणि कामाला गिरणी.

घाटावरचे, तुम्ही विचारलंत साहेब कुठाय. विभावरी शिरूरकरांची ‘बळी’ वाचा, १९५० ची. शिरूरकर हे टोपणनाव, खऱ्या मालतीबाई बेडेकर. त्या सोलापूरच्या या वसाहतींच्या शिक्षण खात्यात काम करत होत्या, आतलं सगळं पाहिलेलं. आणि अण्णाभाऊंची ‘फकिरा’, १९५९. वारणेच्या खोऱ्यातला मांगवाडा. सरकारचा हुकूम येतो, महार-मांगांनी दिवसातून तीनदा हजेरी द्यायची. पोटाला नाही म्हणून माणूस बाहेर पडणार, तर हजेरी चुकली म्हणून गुन्हेगार. फकिरा धान्य लुटून दुष्काळात वाटतो, सरकारी खजिना लुटतो, आणि त्याची माणसं ओलीस धरली जातात तेव्हा स्वतः हजर होतो.

तुम्ही गव्हर्नर शोधत होतात, आमच्याकडे तो हजेरीच्या वहीच्या रूपात यायचा. वाड्यातून बघणाऱ्याला तो दिसला नाही, मांगवाड्यातून रोज तीनदा दिसत होता.

रिकामटेकडी (मंगळवार, रात्री ८:४०)

चादर, हे आधी का नाही लिहिलंत?

सोलापुरी_चादर (मंगळवार, रात्री ८:४४)

मातिगारीचा पंचनामा चालू होता.

पेठकर (मंगळवार, रात्री १०:३०)

‘फकिरा’ दोनदा वाचलीय आणि या रांगेत कधी ठेवली नव्हती. तिला आपण ‘दलित साहित्या’च्या फळीवर ठेवतो आणि अचेबेला ‘वसाहतोत्तर’च्या. एकाच वर्षाच्या अंतरानं आलेली पुस्तकं. दोन्हींत सरकारी हुकूम, दोन्हींत आपल्याच गावात एकटा पडणारा माणूस.

थोडा नन्नाचा पाढा लावतो. अण्णाभाऊंचा फकिरा फार धुतलेला आहे. ओकोंक्वोसारखा त्याला काळा डाग नाही. कादंबरी म्हणून मला अचेबे जास्त खोल वाटतो.

सोलापुरी_चादर (मंगळवार, रात्री ११:०५)

कित्येक वर्षं ज्याच्या जातीच्या नावापुढे सरकारी वहीत ‘गुन्हेगार’ लिहिलं, त्याच्यावर पहिल्यांदा लिहिणारा डाग कुठे शोधणार? डाग सरकारनं आधीच लावून ठेवले होते. पेठकर, रागावून नाही म्हणत. पण अचेबेच्या नायकाला डाग परवडले, कारण त्याच्यामागे अख्खं गाव होतं.

पेठकर (मंगळवार, रात्री ११:२०)

पटलं असं लगेच म्हणत नाही. पण उद्या तिसऱ्यांदा वाचायला घेतो.

तिरफळ (बुधवार, सकाळी ७:१०)

‘फकिरा’ची अर्पणपत्रिका पाहा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलीय. तलवारीच्या माणसाची गोष्ट आणि अर्पण लेखणीला. रात्रभर धाग्यात आपण अहवाल, वह्या, संडासचे कागद हेच तर मोजतोय.

घाटावरचा (बुधवार, रात्री ९:३०)

मूळ मत मागे घेतो. अर्धं. उरलेलं अर्धं असं, की मराठी कादंबरीनं पाठ फिरवली नव्हती, माझ्या कपाटानं फिरवली होती. त्यात रणजित देसाई आहेत, इनामदार आहेत, ‘फकिरा’ नव्हती.

आज संध्याकाळी वाचनालयात गेलो. ‘फकिरा’ मिळाली, बरीच हाताळलेली, शेवटची चार पानं चिकटपट्टीवर. ‘बळी’ काही सापडेना. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, यादीत तर आहे. दोघांनी मिळून अर्धा तास शोधलं. शेवटी सापडली रहस्यकथांच्या कपाटात, खून-दरोड्यांच्या रांगेत. कुणीतरी नाव वाचून लावली असणार. पाठीमागच्या चिठ्ठीवर शेवटची तारीख सात वर्षांपूर्वीची.

सोलापुरी_चादर (बुधवार, रात्री ९:४१)

गुन्हेगारांत नोंद! कायदा १९५२ मध्ये रद्द झालाय हो.

घाटावरचा (बुधवार, रात्री ९:४५)

सांगितलं बाईंना. त्या म्हणाल्या, परत आणून द्याल तेव्हा कुठे ठेवायची ते तुम्हीच सांगा. सुचवा रे कुणीतरी, पंधरा दिवस आहेत.